बरणीत समुद्र भरणारा माणूस

घरात छोटासा रीफ टँक करायचं डोक्यात आहे? मग आधी फिलिप हेन्री गॉसला भेटा. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लोकांना घरात समुद्र ठेवायला शिकवलं ते या माणसाने. त्या छंदाने किनाऱ्याची काय दशा केली, तेही त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं.

ब्राह्मणपुरीहून समुद्र बघायला निघालात तर आधी शहादा, मग प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबार आणि तिथून सुरतेकडे जाणारी रेल्वे. सुरतेला उतरून डुमसला गेलात की समुद्र दिसतो खरा, पण तो गढूळ. खंभातच्या आखाताचं ते गाळाचं पाणी. रंगीत मासे, प्रवाळ, पाण्यात डुलणारी समुद्रफुलं असलं काही तिथे दिसत नाही. ते दिसतं मोबाइलवर. कुणाच्या तरी हॉलमध्ये दोन फुटांची काचेची टाकी, वर निळा प्रकाश, आत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश. व्हिडिओ संपतो आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो. आपल्याकडे जमेल का हे?

जमेल. समुद्र जवळ असावाच लागतो असं नाही. पण टाकीचे पैसे साठवायला लागण्याआधी या माणसाची गोष्ट वाचा. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आज ज्या अर्थाने आपण वापरतो, तो अर्थ त्याच्यामुळे रूढ झाला.

पंधराव्या वर्षी कारकुनी

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी छोटी चित्रं रंगवायचे. आज काम आहे, उद्या नाही, असा तो धंदा. फिलिप वाढला पूल नावाच्या बंदराच्या गावात. तिथे त्याची एक आत्या होती, सुझन बेल. किडे, शंख, समुद्रफुलं बघायची कशी, त्यांची चित्रं काढायची कशी, हे तिने त्याला शिकवलं. समुद्रफूल भांड्यात समुद्राचं पाणी घेऊन जिवंत ठेवता येतं, हेही त्याला पहिल्यांदा कळलं ते तिच्याकडूनच.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाला. १८२७ साली, सतराव्या वर्षी, त्याला थेट अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमधल्या कार्बोनियर या बंदरात पाठवलं. कॉड मासे आणि सील यांचा तिथे मोठा व्यापार. आठ वर्षं त्याने हिशोबाच्या वह्या भरल्या. १८३२ मध्ये त्याच्या हाती सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक लागलं आणि तो झपाटला. दिवसा पेढी आणि उरलेल्या वेळात किडे.

मग त्याला वाटलं, शेती करू. १८३५ मध्ये कॅनडात कॉम्प्टनला जमीन घेतली. तीन वर्षं राबला, पदरात काही पडलं नाही. तिथून अमेरिकेत अलाबामाला गेला, मळेवाल्यांच्या पोरांचा मास्तर झाला. तिथली गुलामगिरी त्याला सहन झाली नाही. काही महिन्यांतच तो निघाला आणि १८३९ मध्ये इंग्लंडला परत आला. वय २९, खिसा जवळपास रिकामा. कारकून, शेतकरी, मास्तर सगळं करून झालं होतं, बस्तान कुठेच बसलं नव्हतं.

पण या सगळ्या वर्षांत एक गोष्ट त्याने सोडली नव्हती. जे दिसेल ते नीट बघायचं, लिहून ठेवायचं, रंगवून ठेवायचं. परतीच्या जहाजावर त्याने कॅनडातल्या निसर्गावर एक पुस्तक लिहिलं होतं. लंडनच्या एका प्रकाशकाने ते घेतलं, १८४० मध्ये ते छापून आलं आणि गॉस लेखक झाला.

१८४४ मध्ये तो जमैकाला गेला. दीड वर्षं पक्षी, कीटक, मासे गोळा केले. तिथे सॅम्युअल कॅम्पबेल नावाचा एक स्थानिक कृष्णवर्णीय तरुण त्याचा मदतनीस होता. हा पोरगा नमुने शोधण्यात इतका तयार झाला की गॉसने आपल्या पुस्तकात त्याचं मनापासून कौतुक केलं.

१८४८ मध्ये गॉसचं एमिली बोव्ज हिच्याशी लग्न झालं. तीही लिहिणारी. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशी गॉसने डायरीत दोन गोष्टींची नोंद केली. एक, मुलगा झाला. दोन, जमैकाहून हिरवी पाकोळी आली. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी. माणूस कसा होता, ते यावरून कळतं!

पाणी का सडतं?

रात्रंदिवस लिहून गॉसची तब्येत ढासळली. १८५२ च्या सुरुवातीला तो कुटुंबाला घेऊन डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटीला तिथल्या खडकांमध्ये पाण्याची डबकी राहतात. त्या डबक्यांत वाकून बघताना त्याला पुन्हा पोरपणीची समुद्रफुलं सापडली. हातोडी-छिन्नी घेऊन तो तासन्‌तास पाण्यात उभा राहायचा, खडकाचा तुकडा जिवासकट काढायचा, बरणीत ठेवायचा.

आता खरी अडचण इथे होती. समुद्री जीव बरणीत ठेवला की दोन-चार दिवसांत पाणी घाण व्हायचं आणि जीव मरायचा. रोज नवीन समुद्राचं पाणी आणलं तरच निभाव लागायचा.

यावर विचार करणारा गॉस पहिला नव्हता. फ्रेंच संशोधक जान व्हिलप्र-पॉवर हिने १८३० च्या दशकात सिसिलीत काचेच्या पेट्या करून त्यांत समुद्री जीव पाळले होते. लंडनमध्ये ॲना थिन नावाची बाई होती. १८४६ मध्ये ती टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ बरणीत घालून घरी घेऊन आली. समुद्राचं नवीन पाणी रोज कुठून आणणार? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असं अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. हे काम करायची तिच्या घरची मोलकरीण. आज टाकीत बुडबुडे सोडणारा जो छोटा एअर पंप असतो ना, त्याचं काम तेव्हा त्या मोलकरणीचे हात करत होते. पुढे ॲना थिनने पाण्यात समुद्री शेवाळं ठेवली आणि तिचे प्रवाळ वर्षानुवर्षं टिकले.

त्याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनतज्ज्ञ गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून बघत होता. वनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडते, तो माशाला मिळतो. मासा जे टाकून देतो ते वनस्पतीला उपयोगी पडतं. कुजकी पानं गोगलगाय खाते. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

गॉसने हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यावर केला. कुठलं शेवाळ टिकतं, उजेड किती लागतो, एका भांड्यात किती जीव राहतात, हे त्याने एकेक करून तपासलं. त्याच्या बरण्यांत पाणी न बदलता जीव महिनोन्‌महिने जगायला लागले. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं. जगातलं हे पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी समुद्री जीव गोळा करून देणाऱ्यांत गॉस होता. १८५४ मध्ये त्याचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं, त्यात त्याने स्वतः काढलेली रंगीत चित्रं होती. पुस्तक धडाधड खपलं.

समुद्राशिवाय समुद्र

ब्राह्मणपुरीतल्या वाचकाने आता कान टवकारावेत. लंडनमध्येही समुद्र दाराशी नव्हता. पाणी पिंपातून आणायचं म्हणजे खर्च आणि कटकट. गॉसने काय केलं? एका रसायनतज्ज्ञाने समुद्राच्या पाण्याचं पृथक्करण छापलं होतं, ते घेतलं आणि १८५४ मध्ये घरीच समुद्र बनवला. आपल्या मापात सांगायचं तर सुमारे साडेचार लिटर साध्या पाण्यात १०० ग्रॅम मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड.

पाणी तयार झालं म्हणून त्याने लगेच जीव सोडले नाहीत. आधी शेवाळ चिकटलेले दगड ठेवले, आठवड्याहून जास्त थांबला, पाणी रुळू दिलं. मग जीव.

त्याचा हा घाट आज तसाच्या तसा वापरू नका. त्यात कॅल्शियम जवळपास नव्हतंच आणि दगडी प्रवाळ आपला सांगाडा बांधतात तो कॅल्शियमपासून. आज तयार मिळणाऱ्या रीफ सॉल्टमध्ये ते घातलेलं असतं. पण थांबायची जी पद्धत होती, ती मात्र आजही तीच आहे. फक्त तिचं कारण गॉसला पूर्ण कळलं नव्हतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर फारसं घातक नाही. हे जीवाणू वेगळे करून दाखवले सर्गेई विनोग्राडस्कीने, १८९० च्या सुमारास. तोवर गॉस वारला होता. जे काम डोळ्यांना दिसतही नव्हतं, त्यासाठी तो थांबायला शिकला होता.

आणि किनारे रिकामे झाले

यानंतर इंग्लंडमध्ये अक्षरशः वेड पसरलं. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त. रेल्वे झाली होती, त्यामुळे किनाऱ्यावर जाणं सोपं. बैठकीच्या खोलीत समुद्राची टाकी असणं म्हणजे प्रतिष्ठा. विल्यम अल्फर्ड लॉइड याने लंडनमध्ये ॲक्वेरियमचं सामान आणि जिवंत समुद्री प्राणी विकणारं दुकान काढलं. १८५५ च्या उन्हाळ्यात गॉस स्वतः लोकांना घेऊन किनाऱ्यावर जायचा, खडकातले जीव दाखवायचा. त्याच वर्षी ॲक्वेरियम कसं करावं यावर त्याने छोटं, स्वस्त मार्गदर्शकही लिहिलं. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. शाळा अर्धवट सुटलेल्या पोराला याहून मोठा मान कुठला?

मग १८५७ हे वर्ष आलं. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. घरात आठ वर्षांचाही न झालेला एडमंड. गॉस धर्माने कडवा होता, बायबलमधली सृष्टीची गोष्ट त्याला शब्दशः खरी वाटायची. त्याच वर्षी त्याने ‘ओम्फॅलोस’ हे पुस्तक लिहिलं. पृथ्वी जुनी दिसते, कारण देवाने ती जुनी दिसेल अशीच निर्माण केली, असं त्याचं म्हणणं. विज्ञानवाल्यांनी ते नाकारलं, धार्मिक लोकांनाही ते पटलं नाही. दोनच वर्षांनी डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं. गॉस लंडन सोडून मुलाला घेऊन कायमचा डेव्हनला, सेंट मेरीचर्चला राहायला गेला होता.

दुःख होतं, पण काम थांबलं नाही. बापलेक ओहोटीला खडकांत जायचे. ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचं आणि प्रवाळांवरचं त्याचं सचित्र पुस्तक १८५८ ते १८६० या काळात आलं.

पण खडकातली डबकी आता पूर्वीची राहिली नव्हती. गॉसची पुस्तकं वाचून लोक टोपल्या, हातोड्या, बरण्या घेऊन किनाऱ्यावर यायचे. दिसेल ते उपटायचे. त्यातले बहुतेक जीव गाडीत किंवा घरी पोचल्यावर आठवड्याभरात मरायचे, कारण पाणी रुळू देण्याइतका धीर फार थोड्यांकडे होता. मेले की पुन्हा किनाऱ्यावर. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली ती नाजूक डबकी काही वर्षांत ओसाड झाली. एडमंड पुढे नामवंत लेखक झाला. १९०७ मध्ये आलेल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं की या नासाडीला आपली पुस्तकं कारण झाली, हे वडिलांना उमगलं होतं आणि त्याचा त्यांना फार सल होता.

विचार करा. ज्या जिवांना देवाची निर्मिती मानून हा माणूस हात लावायचा, त्यांचीच वाट त्याच्या शब्दांनी दुसऱ्यांना दाखवली. त्याचा हेतू वाईट नव्हता. लोकांनी त्याच्याकडून टाकी घेतली, थांबणं घेतलं नाही.

१८६० मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. उतारवयात ऑर्किड, सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण यांत तो रमला. २३ ऑगस्ट १८८८ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, सेंट मेरीचर्चलाच तो वारला.

आता तुमची टाकी

गॉसच्या काळात कायदा नव्हता. आपल्याकडे आहे. खडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगडही घ्यायचा नाही, कुणी कितीही स्वस्तात देत असला तरी. मालवणला आणि जामनगरजवळच्या कच्छच्या आखातात प्रवाळ आहेत, ते तिथेच जाऊन बघा.

दुसरी बाजू चांगली आहे. क्लाउनफिश आता आपल्या देशात टाकीतच जन्माला येतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलंय, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशची पैदास होते. म्हणजे समुद्रातून एकही मासा न काढता तुमची टाकी भरू शकते. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, मासा पकडलेला की पैदास केलेला? त्याला सांगता येत नसेल तर दुकान बदला.

बाकीचं असं:

* टाकी : १०० लिटरच्या आसपासची घ्या. फार छोटी टाकी स्वस्त पडते, पण तिचं पाणी तितक्याच लवकर बिघडतं.

* पाणी : आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ते चालणार नाही. आरओचं, शक्य तर त्यापुढे डीआय फिल्टरमधून काढलेलं पाणी वापरा. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो रीफ सॉल्ट. स्वयंपाकाचं मीठ नको. रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळ हवं.

* थांबा : सिरॅमिकचे किंवा कोरडे कृत्रिम दगड रचा, पंप चालू करा, जीवाणूंची बाटली आणि थोडा अमोनिया घाला. चार ते सहा आठवडे मासा नाही. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवायला लागले की मगच.

* उन्हाळा : टाकीला २५ ते २७ अंश लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. घरातली सगळ्यात थंड खोली निवडा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. कोरड्या हवेत त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो. तेवढ्याने भागत नसेल तर चिलर लागेल आणि तो महाग असतो. ते झेपणार नसेल तर यंदा टाकी करू नका.

* लाइट गेली तर : बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवा. पाणी हलतं राहिलं पाहिजे. मोलकरणीची गोष्ट आठवा.

* पाण्याची पातळी : उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलायचं, ते मात्र मिठाचं.

* मासे : सुरुवातीला क्लाउनफिशची एक जोडी पुरे. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही आणि नवख्या टाकीत समुद्रफूल सहसा टिकत नाही.

आणि एक, खास आपल्या भागासाठी. बदललेलं खारं पाणी बांधावर, केळीच्या बुडाशी किंवा परसातल्या झाडांना टाकू नका, जमीन खारवते. ते थेट सांडपाण्यात सोडा. टाकी बंद करायची वेळ आली तर मासे गोमाईत किंवा तापीत सोडू नका, गोड्या पाण्यात ते तासाभरातही मरतील. ज्याच्याकडून घेतले त्याला परत द्या, किंवा टाकी सांभाळणारा दुसरा कुणी आधीच शोधून ठेवा.